प्रकरण-अभ्यास की सिम्युलेशन?

परराष्ट्र धोरण, दहशतवाद आणि युद्ध यांचा संबंध वर्गात कसा उलगडावा, या पेचात नव्याने शिकवू लागलेली एक मैत्रीण आहे. मी दोन्ही करून पाहिलंय: प्रकरण-अभ्यास, म्हणजे एखादी घटना कागदपत्रं वाचून उलगडणं, आणि सिम्युलेशन, म्हणजे मुलांनी देशांच्या भूमिका घेऊन ती खेळून पाहणं.

तयारी: प्रकरण-अभ्यासाला दोन तासिका पुरतात. सिम्युलेशनच्या भूमिका नि गट ठरवण्यातच आठवडा जातो.

समज: खरा फरक इथे. १९१४, पहिल्या महायुद्धाची सुरुवात घ्या. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या, २३ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, मुदत ४८ तास. नुसतं वाचून मुलं म्हणतात, ‘युद्ध अटळच होतं.’ तोच खलिता हातात देऊन घड्याळ लावलं, की सर्बियाच्या पाठीराख्या रशियाच्या गटातली मुलगी कळवळून विचारते, ‘सैन्य हलवलं नाही तर आपलं ऐकणार कोण?’ उलट अफगाणिस्तान खेळात मावत नाही. १९७९मध्ये शिरलेल्या सोव्हिएत फौजा, त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना अमेरिकी मदत, २००१चा अमेरिकेवरचा हल्ला नि त्यानंतरचं युद्ध: ही साखळी कागदपत्रांतूनच कळते.

धोका: सिम्युलेशनमध्ये बोलघेवडे बाजी मारतात. (दहशतवाद्याची भूमिका मी कुणालाच देत नाही.) गुण देणंही अवघड.

मोठा वर्ग, लांबलचक कारणपरंपरा असेल तर प्रकरण-अभ्यास. वीस-पंचवीस मुलं आणि निर्णयाचा ताण दाखवायचा असेल तर सिम्युलेशन. मात्र नंतरच्या चर्चेला अख्खी तासिका राखून ठेव.