लग्नाचा वाढदिवस: पुण्यातला फ्रेंच बिस्त्रो की कोल्हापुरातलं मटण ताट?

लग्नाचा वाढदिवस असो की पोराच्या पहिल्या पगाराची पार्टी, कोल्हापुरात हल्ली एक नवा पर्याय निघतो: "पुण्यालाच जाऊया की, कोरेगाव पार्कात एखाद्या छोट्या फ्रेंच हॉटेलात, म्हणजे बिस्त्रोत." दुसरा पर्याय जुनाच. राजारामपुरी नाहीतर ताराबाई पार्कातली खानावळ, मटण ताट, तांबडा-पांढरा. मला दोन्ही आवडतात. पण एकीकडची अपेक्षा घेऊन दुसरीकडे गेलं की संध्याकाळ फुकट जाते.

खरा फरक तिखटाचा नाही, वेळेचा आहे. खानावळीत बसलं की थोड्या वेळात सगळं एकदम समोर येतं: सुकं, दोन्ही रस्से, भाकरी, कांदा, लिंबू. रविवारी तर पुढचा नंबर खुर्चीमागे उभाच असतो, गप्पा मारत कोण बसणार? बिस्त्रोत एकेक पदार्थ क्रमाने येतो आणि मधला रिकामा वेळही जेवणातच धरलेला असतो. फ्रेंच जेवणाला २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली तीसुद्धा कुठल्या एका पदार्थासाठी नव्हे, तर आपली माणसं जमवून किमान चार टप्प्यांत निवांत जेवायच्या रीतीसाठी. तेव्हा दीड-दोन तास हाताशी ठेवा, आणि कडकडून भूक लागलेली असताना जाऊ नका. पावाची टोपली लवकर येते, तीच संपवून बसाल.

मागवायचं काय? माझं मत विचाराल तर कांद्याचं सूप आणि बदक. सुपासाठी कांदा मंद आचेवर बराच वेळ परततात, तो तपकिरी आणि गोडसर होतो. मग त्यात स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, वर पावाचा तुकडा, त्यावर ग्रुयेर चीज, आणि वाडगा तसाच भट्टीत. पांढऱ्या रश्श्याचा जीव मटणाच्या अळणी पाण्यात असतो हे माहीत असलेल्या माणसाला या सुपात स्टॉक कसा लागलाय ते पहिल्या चमच्यातच कळतं. मात्र इथे "जरा रस्सा वाढा" चालत नाही, वाडगा एकच. बदकाचा पदार्थ म्हणजे कॉन्फी: तंगडीला मीठ चोळून ठेवतात, चरबीत अगदी हळू शिजवतात आणि शेवटी कातडी कुरकुरीत करतात. मसाला म्हणाल तर मिरी, लसूण आणि थाईम नावाचा सुवासिक पाला. ठेच्याची आठवण येणारच, त्यावर तोडगा म्हणजे डिजॉन मोहरीची चटणी मागून घ्या, नाकात चांगली झणझणते.

स्टेकसाठी, म्हणजे बीफच्या जाड भाजलेल्या तुकड्यासाठी, मात्र एवढ्या लांब जाऊ नये. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बीफ म्हणून येतं ते म्हशीचं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मागवण्याआधी विचारावं.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर खानावळ सरळ जिंकते. अख्खा मसूर आणि भाकरी मिळाली की विषय संपला. बिस्त्रोत कांद्याचं सूपसुद्धा बहुतेक वेळा मांसाच्या स्टॉकमध्ये केलेलं असतं, ग्रुयेरसारख्या चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि क्रेम ब्रुले या गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. उरतं रातातुई, म्हणजे वांगी, झुकिनी, टोमॅटोची भाजी, नाहीतर साय-लसणात भाजलेले बटाटे. गुरुवार-शनिवार पाळणाऱ्या सासूबाईंना तेवढ्यासाठी पुण्याला नेणं मला पटत नाही.

पैशाचं गणित जरा गमतीचं आहे. पॅरिसमध्ये बिस्त्रो म्हणजे मुळात गल्लीतली साधी खानावळच: खडूने पाटीवर लिहिलेले आजचे पदार्थ, ठरावीक दरात दोन-तीन टप्पे, आणि गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे कामगार नि दुकानदार. तीच आपल्याकडे येताना उंची वस्तीत उतरली. जागेचं भाडं, बाहेरून आणलेलं चीज नि वाईन, मोजकीच टेबलं, हे सगळं दरात उतरतं. शिवाय कोल्हापूर-पुणे म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यात कागल-सातारा रस्त्याची कामं. रात्री परत यायचं डोक्यात धरू नका, मुक्कामाचा खर्च मिळवूनच हिशेब करा. त्या पैशांत इथे सगळ्या भावकीला ताट मिळेल, पण दोघांना कुणी न उठवता दोन तास बोलत बसायला मिळेलच असं नाही.

म्हणून दोघंच असाल, मुक्काम होणार असेल आणि नवं चाखायची हौस असेल तर बिस्त्रोला जा, आणि शक्यतो मधल्या वारी. शनिवारी टेबलं इतकी खेटून भरतात की शेजारच्यांचं भांडणही ऐकू येतं. आधी फोन करून टेबल राखून ठेवा. पोरं, आजी-आजोबा, मामा-मामी असा लवाजमा असेल तर पुण्याचं नावही काढू नका. बुधवारी गर्दी सुरू व्हायच्या आत खानावळ गाठा.

बिस्त्रोत बिल आलं की खालच्या ओळी वाचा. जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, दारूवर व्हॅट वेगळा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. नको असेल तर काढायला सांगा, संकोच कशाला? वाढणाऱ्याने मन लावून सांभाळलं असेल तर त्याच्या हातात वेगळे पैसे ठेवा.