शेवटचे कडवे शाबूत हवे: जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेण्याचा अनुभव

पुण्याच्या नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, कॅसेटी आणि स्पूल टेप संगणकावर उतरवून देणारे एक छोटे दुकान आहे. गेल्या दोन महिन्यांत मी तेथे वडिलांच्या अकरा कॅसेटी दिल्या. त्यांपैकी नऊ उतरवून मिळाल्या, पण पहिल्या खेपेचे काम मला परत करावे लागले आणि दुसऱ्या खेपेला मात्र ते इतके चांगले झाले की दुकानदारांविषयी मनात धरलेला राग मलाच मागे घ्यावा लागला. दर कॅसेटीला साडेतीनशे रुपये असा आहे. घरात अशा कॅसेटी असणाऱ्यांनी त्या देण्याआधी काय सांगून ठेवावे, हे कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि ताडीवाला रोडच्या वस्तीतील गायन पार्टीत पेटी वाजवून गात असत. १४ एप्रिलच्या मागेपुढे पंधरा दिवस ते घरी जेवायला क्वचितच सापडत. पार्टीच्या वहीत निम्म्याहून अधिक गाणी लोककवी वामनदादा कर्डक यांची होती. १९८४ ते १९९१ या काळातील काही कार्यक्रम मंडळातल्या कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर, स्टेजच्या कडेला ठेवून, टिपले होते. वडील गेल्यावर त्या कॅसेटी कपाटाच्या वरच्या खणात पडून होत्या.

या कॅसेटींत गाण्यांइतकेच मोल दोन गाण्यांमधल्या निवेदनाला आहे. वामनदादांचे आयुष्य वडील तुकड्यातुकड्याने सांगत. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे जन्मगाव, जन्मतारीख १५ ऑगस्ट १९२२. यावर वडिलांचे ठरलेले वाक्य असे की, स्वातंत्र्याच्या बरोबर पंचवीस वर्षे आधी एक माणूस जन्माला आला आणि त्याला स्वातंत्र्य म्हणजे काय ते अक्षर गिरवताना कळले. वामनदादा शाळेत गेले नव्हते. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता आले नाही, आणि त्या खजिलपणातून त्यांनी देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी शिकून घेतली. जोडाक्षरे मात्र ते दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. इथवर आले की वडील थांबत आणि समोर बसलेल्या पोरांना मंडपातला फलक मोठ्याने वाचायला लावत. मूळ टेपवर पोरांचा तो एकसुरी गलका, मागून एका बाईचे हसणे आणि ढोलकीवाल्याने मध्येच मारलेली थाप ऐकू येते.

पहिल्या खेपेच्या फायलींत यातले काहीही नव्हते. दुकानातील तरुण कारागिराने, त्याच्या दृष्टीने चांगल्या हेतूनेच, आवाज ‘स्वच्छ’ करणारी प्रणाली लावली होती. तिने टेपची खरखर काढली आणि तिच्याबरोबर लोकांनाही काढून टाकले. टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या झाल्या, कोरसच्या आवाजाची धार गेली, आणि निवेदनाचा भाग ‘गाणे नाही’ म्हणून सरळ वगळला गेला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीतून बावन्न मिनिटे हाती आली.

याहून मोठी चूक गाण्यांच्या शेवटी होती. प्रत्येक गाणे वेगळे करून त्याच्या अखेरीस आवाज पाच-सहा सेकंदांत हळूहळू विरत जाईल अशी सोय केली होती. चित्रपटगीताला हे चालून जाते. वामनदादा मात्र संतकवी आणि जुने शाहीर यांच्या रीतीने शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही आपली नाममुद्रा घालत, आणि गायक त्या शब्दावर थांबून लोकांकडे बघत असे. त्यांनी दहा हजारांच्या आसपास गाणी रचल्याचे सांगितले जाते. पुस्तकरूपात आली ती त्यातली थोडीच. बाकीची गावोगावच्या पार्ट्यांच्या वह्यांत आणि गळ्यांत राहिली, कारण स्वतः दादा एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत, मागेल त्याला गाणे देत आणि चाल शिकवून पुढे जात. अशा गाण्याची मालकी सांगणारा कागद म्हणजे ती नाममुद्रा. तीच विरून गेली तर उरलेले गाणे कोणाच्याही नावावर चढू शकते, आणि तसे चढलेलेही मी ऐकले आहे.

नावांवरून आठवले, तीन फायलींवर कारागिराने कवीचे नाव ‘भीमराव कर्डक’ असे घातले होते. भीमराव हेही नाशिक जिल्ह्यातलेच, पण आधीच्या पिढीतले. आंबेडकरी जलसा, म्हणजे बाबासाहेबांचे विचार गाण्यांतून आणि संवादांतून लोकांपुढे मांडणारा कार्यक्रम, उभा करणाऱ्या पहिल्या शाहिरांपैकी. वामनदादांचे पहिले गाणे १९४३चे आहे, तेव्हा जलशांनी एक दशक गाजवून झाले होते. आडनाव एक असल्याने हा घोटाळा शिकल्यासवरल्या लोकांकडूनही होतो. कारागिराला मी त्याबद्दल फारसे बोललो नाही.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानाचे वयस्कर मालक स्वतः बसले होते. त्यांनी कानाला हेडफोन लावून दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “तुमचे वडील कोणत्या पट्टीत गात होते?” मी म्हटले, काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, नेहमीच. “मग इथे तिच्या लगतची वरची, पांढरी तीन का लागते आहे?” टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालत असावा आणि बॅटरी उतरलेली असावी, असे त्यांनी समजावून सांगितले: मुद्रण करताना फीत हळू फिरली, म्हणून आज योग्य वेगाने वाजवल्यावर आवाज अर्ध्या स्वराने, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांनी चढतो. वडिलांचा आवाज मला इतके दिवस किंचित किरटा का वाटत होता, त्याचे उत्तर असे मिळाले. आमची पेटी अजून घरी आहे. तिच्या काळी दोनचा सूर फोनवर मुद्रित करून त्यांना दिला आणि त्याला जुळवून त्यांनी सहा कॅसेटींचा वेग दुरुस्त केला. शिवाय प्रत्येक कॅसेटीसाठी वाचकशीर्षाचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडचा, कोन बारीक स्क्रूने वेगळा लावून घेतला, त्यामुळे खरखर न काढताही शब्द स्पष्ट झाले. हे काम त्यांनी पैसे न वाढवता केले.

दुसऱ्या खेपेला प्रत्येक बाजूची एक अखंड फाइल मिळाली, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, आणि सोबत फोनवर पाठवण्यासाठी एमपीथ्री प्रत. अखंड फाइल जड असते. नव्वद मिनिटांना एक जीबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा पेनड्राइव्ह स्वतःचा न्यावा, दुकानातला महाग पडतो. पावतीवर कॅसेटींची संख्या लिहितात पण लेबलांवरचा मजकूर लिहीत नाहीत, म्हणून देण्याआधी प्रत्येक लेबलाचा फोटो काढून ठेवावा. जिना अरुंद आहे आणि वाहन लावायला जागा नाही. आठवड्याचे सांगून तीन आठवडे लावतात.

जे कोणी शाहिरी, भीमगीते, कीर्तन किंवा भारुड अशा लोकांसमोर झालेल्या गायनाच्या कॅसेटी देणार असतील, त्यांनी चिठ्ठीवर लिहूनच द्यावे: गाणी तोडू नयेत, बोलणे काढू नये, शेवट विरवू नये, खरखर राहू द्यावी. एवढे सांगितले तर या दुकानासारखे काम मला पुण्यात अन्यत्र मिळालेले नाही. न सांगितले तर साडेतीनशे रुपये फुकट गेले असे समजावे.

उरलेल्या दोन कॅसेटींवर पांढरी बुरशी चढली आहे. त्या मालकांनी आपल्याकडे ठेवून घेतल्या आहेत, फीत हाताने पुसून नव्या कवचात घालावी लागेल असे म्हणाले. त्यांपैकी एकीच्या लेबलावर वडिलांच्या अक्षरात फक्त ‘दादांची नवी चाल’ एवढेच लिहिलेले आहे. पुढच्या सोमवारी बोलावले आहे.