व्हर्टस १.५ जीटी डीएसजी: बेळगाव भागात काही महिने चालवल्यावर

१५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) हे आकडे ब्रोशरमध्ये वाचणं वेगळं आणि तवंदी घाटात ऊस भरलेला ट्रक मागे टाकणं वेगळं. फोक्सवॅगन व्हर्टसच्या या इंजिनाला पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे चढावर इंजिन ओरडत नाही. चालवायला इतकी मजा देणारी गाडी या किमतीत दुसरी नाही, असं आमचं ठाम मत.

मात्र घेण्याआधी गिअरबॉक्स समजून घ्या. सात गिअरची ही डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, ड्राय क्लचची आहे. आत दोन क्लच: एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. ते तेलात नसतात, थंडावा फक्त हवेचा. खडे बाजारात गाडी इंच-इंच सरकवत राहिलं की क्लच अर्धवट घासतो, तापतो आणि सुटताना हलका झटका जाणवतो. त्यापेक्षा पुढे गाडीभर जागा पडू द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात पुढे जावं. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवला तर पहिला-दुसरा अशी धरसोडही थांबते. चढावर थांबताना गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलू नये, ब्रेकवरच धरावी. चोर्ला घाट उतरताना स्टीअरिंगमागच्या पॅडलने तिसरा गिअर घेतला की ब्रेक तापत नाहीत.

मायलेज शहरात दहा-अकरा. हायवेला नव्वदच्या आसपास क्रूझ कंट्रोल लावलं की अठरापर्यंत जातं, कारण भार हलका असला की चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद होतात. मीटरवर तसं दिसतं, पायाला मात्र कळतही नाही.

ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी, पण तो रिकाम्या गाडीचा. चौघं बसले आणि ५२१ लिटरची डिकी भरली की खेड्यातल्या उंच हंपवर पोट घासू शकतं. तिरकं, एकेक चाक चढवून घ्यावं. मागे पाचवा माणूस लांबच्या प्रवासाला नकोच, पायाखालचा मधला बोगदा उंच आहे.

जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्यांनी टायरकडे जास्त बघावं. २०५/५५ आर१६ टायरची भिंत बुटकी. हवा कमी असताना खड्ड्याची कड लागली की ती रिम आणि दगडात चेंगरते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर पंक्चरवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी. पेट्रोल बंकावरच्या हवेच्या गेजवर विसंबू नये, स्वतःचा गेज ठेवावा.

खानापूरच्या पावसानंतर चाकांच्या कमानीतली तांबडी माती पाण्याच्या फवाऱ्याने काढावी, नाहीतर ती ओल धरून बसते. पुढच्या काचेखालच्या जाळीतली पानंही हाताने वेचावीत. तिथलं पाणी तुंबलं की एसीच्या हवेला कुबट वास येतो.

इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२०, व्हीडब्ल्यू ५०८ दर्जाचंच घालावं. सर्व्हिस १५,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

आणि कोल्हापुरातून गाडी घेऊन कर वाचेल असा हिशेब कोणी करत असेल, तर तो चालत नाही. पत्ता बेळगावचा असेल तर नोंदणी इथली आणि आजीवन करही कर्नाटकाचाच. त्यामुळे दोन्हीकडचे दर मागताना एक्स-शोरूम किंमत, विमा आणि अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात आणि मगच तुलना करावी.