पूर्ण काढायचं की फक्त गाठ? आमच्या घरातल्या दोन ऑपरेशनांनंतर

"तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल, घरी बोलून ठरवा," असं सर्जन सांगतात आणि बाई बाहेर येऊन बाकावर बसते. स्तनातली गाठ कॅन्सरची आहे हे तिला आठवड्यापूर्वी कळलेलं असतं. आता वर हा निर्णयही तिनंच घ्यायचा. अशा वेळी ओळखीतल्या बायका मला फोन करतात. कारण आमच्या एकाच घरात दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. मोठ्या जाऊबाईंचा डावा स्तन पूर्ण काढला. काही वर्षांनी मला गाठ निघाली, तेव्हा मी फक्त गाठ काढून घेतली आणि नंतर रेडिएशन घेतलं. जाऊबाईंबद्दल इथे जे लिहिलंय ते त्यांना विचारून आणि वाचून दाखवून लिहिलंय.

हे सगळं ज्यांना खरोखरच दोन्ही रस्ते मोकळे आहेत त्यांच्यासाठी आहे. एकाच स्तनात लांब-लांब अंतरावर गाठी असतील, छातीला पूर्वी कधी रेडिएशन दिलेलं असेल किंवा गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने असतील, तर डॉक्टर सहसा पूर्ण काढायलाच सांगतात. आई-मावशी-बहिणीला हाच आजार होऊन गेला असेल आणि बीआरसीए या जनुकांच्या तपासणीत दोष सापडला असेल, तर तो विचारही वेगळा. गाठ मोठी आहे एवढ्यावरून मात्र आशा सोडू नका. आधी केमो देऊन गाठ लहान करता येते आणि मग तेवढीच काढता येते. हे तोंडाने विचारावं लागतं, म्हणून आधी सांगितलं.

सगळ्यात मोठी भीती एकच असते. पूर्ण काढलं की आजार गेला आणि अर्धं ठेवलं की तो आत राहिला. माझ्या सासूबाई हेच म्हणत होत्या, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पण ही गोष्ट जगात फार पूर्वी तपासून झालेली आहे. इटलीत मिलानला आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात असे दोन मोठे अभ्यास सुरू झाले. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, आणि वीस वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २००२ मध्ये दोन्हींचे निकाल आले. किती बायका जगल्या यात फरक पडला नव्हता. त्याच स्तनात गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण मात्र रेडिएशनवर फार अवलंबून होतं. अमेरिकेच्या अभ्यासात काहींची गाठ काढून रेडिएशन दिलंच नव्हतं. रेडिएशन घेतलेल्यांत ते १४.३ टक्के होतं आणि न घेतलेल्यांत ३९.२ टक्के. आता औषधं आणि तंत्र सुधारल्यानं ते आणखी कमी झालंय. याचा अर्थ "गाठ काढते, रेडिएशनचं नंतर बघू" असं मनात असेल, तर आमच्यासारख्यांनी त्या वाटेला जाऊच नये. तिथे काढणं आणि रेडिएशन मिळूनच एक उपचार होतो.

ऑपरेशन आणि पहिले काही आठवडे यात माझ्या मते फारसं डावं-उजवं नाही. जखमेतलं पाणी बाहेर काढायला नळ्या लावतात. जाऊबाईंना दोन होत्या, मला काखेतली एक. नळीच्या टोकाला ती चेपलेली डबी असते. तिच्यात जमलेलं पाणी रोज मोजून वहीत लिहायचं, आणि चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या आत आलं की नळी निघते. डबी गाऊनला पिनेनं अडकवायची, नाहीतर उठताना ओढ बसते. जाऊबाईंना नळी काढल्यावर पुन्हा पाणी साचलं, सुईनं काढावं लागलं. मोठ्या जखमेत ते जास्त होतं. पण त्रास म्हणून आठवतो तो दोघींचाही काखेचा. काखेतल्या लसिका गाठी (या सगळ्यांनाच असतात, आजार आधी तिथे पसरतो) किती काढल्या यावर हात किती दुखणार, किती आखडणार, पुढे सुजणार का, हे बरंचसं ठरतं. स्तनाचं ऑपरेशन कुठलं केलं यावर ते तितकं ठरत नाही. माझ्या दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे. तव्याची कड लागली तरी कळत नाही, म्हणून भाकरी करताना मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते. भाकरी थापायला दोघींनाही बरेच महिने जमलं नव्हतं, आणि आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण होत नाही. त्या काळात दुकानातून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यावर घर चाललं.

भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम मात्र दोघींनीही करायचाच, आणि लवकर सुरू करायचा. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर धरून निश्चल पडावं लागतं. हात तेवढा वर जात नसेल तर तिथे अडतं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. खालच्या खुणा जाऊबाईंच्या, बाजूच्या माझ्या. रंग देताना तेवढा तुकडा सोडायला लावला.

आता रेडिएशन. गाठच काढायच्या रस्त्यावरची ही खरी अडचण, आणि मी ती कमी करून सांगणार नाही. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. पूर्वी पाच आठवडे लागायचे. आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा देतात, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासानंतर काही निवडक बायकांना पाच दिवसांतही देतात. तुम्हाला कुठलं लागू आहे ते आधीच विचारा, कारण घरच्यांचं गणित त्यावर बसतं. टेबलावर काम काही मिनिटांचं, बाकी सगळा वेळ बाकावर. छातीवर खुणा काढतात, त्या पुसायच्या नाहीत. म्हणजे मनासारखी अंघोळ नाही, पावडर नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. स्तनाखालची घडी आणि काख काळी पडली, शेवटी-शेवटी सोलली. थकवा तर असा की दुपारी ऑफिसात हिशेबाची वही समोर असायची आणि डोळे मिटायचे. अक्कलकोट रोडला आमच्या टॉवेल कारखान्यात मालकांनी सकाळची सूट दिली म्हणून निभावलं. रोजंदारीवर यंत्रमागाला किंवा विड्या वळायला जाणाऱ्या बाईला ही सूट कोण देणार? ती "काढूनच टाका" म्हणाली तर तिला कुणी अडाणी म्हणू नये.

पण रेडिएशनसाठी मुंबईला जाऊन राहावं लागतं, या समजुतीपायी कुणी पूर्ण काढत असेल तर थांबा. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. आपल्याकडे कॅन्सरचं काम काही कालपरवाचं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही ऑपरेशनं आणि रेडिएशन बसतं का, तुमच्या कार्डावर काय मिळेल, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारून घ्या.

आणि पूर्ण काढल्यावर रेडिएशन टळतं, हेही दरवेळी खरं नाही. जाऊबाईंनी मुख्यतः त्यासाठीच पूर्ण काढायला होकार दिला होता. नंतर रिपोर्ट आला. काखेतल्या बऱ्याच गाठींत आजार निघाला, आणि मग केमो झाल्यावर रेडिएशनही घ्यावं लागलं. गाठ फार मोठी असेल किंवा काखेत आजार पसरला असेल तर पूर्ण काढूनही ते सांगतात. केमो लागणार की नाही, गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, हे तर आजाराच्या जातीवर आणि तो किती पसरलाय यावर ठरतं, ऑपरेशनवर नाही. ही गोष्ट त्यांना कुणी आधी नीट सांगितली नव्हती, याचा मला आजही राग आहे.

तरीही माझा निर्णय या कशानं झाला नाही. तो झाला जाऊबाईंच्या पॅडमुळे.

एक बाजू सपाट झाल्यावर ब्लाउजमध्ये काहीतरी भरावं लागतं. त्यांनी आधी सिलिकॉनचं घेतलं, काही हजारांचं, आणि ते ठेवायला खिसा असलेली ब्रा. दिसायला छान, वजनही बरोबर. पण सोलापुरात मार्चपासून त्याच्या मागे घाम साचायला लागतो. तिथे व्रणाची कातडी पातळ, तिच्यावर घामोळं, मग खाज, आणि त्या भागाला धड संवेदना नसल्यानं खाजवूनही समाधान नाही. मग सुती पॅड आणलं. ते हलकं, म्हणून वर सरकायचं. खाली वाकून उठल्या की एक बाजू गळ्यापाशी. शेवटी त्यांनी स्वतः मऊ पॉपलिनची पिशवी शिवली आणि वजनासाठी आत मोहरी भरली. ते सगळ्यात बरं बसलं. पण धुवायचं म्हटलं की शिवण उसवा, मोहरी काढा, पिशवी वाळवा, पुन्हा भरा.

घरात आल्या की पहिल्यांदा ते काढून ठेवायच्या. मग दारावरची बेल वाजली, गॅसवाला किंवा भिशीची बाई आली, की दाराजवळच्या खुंटीवरचा टॉवेल डाव्या खांद्यावर टाकून दार उघडायच्या. पुढे पुढे तो टॉवेल खांद्यावरून उतरेचना. उन्हाळ्यातली लग्नं त्यांनी हळूहळू सोडली. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला जायच्या, कारण तेव्हा थंडी असते आणि शाल पांघरता येते. मी एकदा विचारलं, ताई, दुखतं का अजून? म्हणाल्या, "दुखत नाही गं. पण सारखं लक्ष ठेवावं लागतं."

सर्जननी मला "ठरवा" म्हटलं तेव्हा वीस वर्षांच्या अभ्यासाआधी मला ते वाक्य आठवलं. रेडिएशन कितीही त्रासाचं असलं तरी ते संपतं. कॅलेंडरवर त्याची शेवटची तारीख असते. पॅडची तारीख नसते. माझ्या स्वभावाला रोज आरशात दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघणं झेपलं नसतं. नातेवाइकांत एक-दोघी म्हणाल्याच, या वयात ठेवून काय करायचंय? मला ब्लाउज घालून कामाला जायचं होतं. मला तेवढं कारण पुरेसं होतं.

माझ्या बाजूची कुरबुर सांगायलाच हवी. ठेवलेला स्तन पूर्वीसारखा राहत नाही. तो थोडा लहान आणि घट्ट झालाय, निपल जरा बाजूला ओढलंय, आणि हवा बदलली की आतून कळ येते. दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करावी लागते आणि रिपोर्ट येईपर्यंतची रात्र वाईट जाते. जाऊबाईंना त्या बाजूची ती धास्ती नाही, आणि त्या म्हणतात की त्यांना रात्री झोप लागते ती म्हणूनच. ज्या बाईला सतत "आत काही राहिलं असेल का" हा विचार पोखरणार असेल, तिनं पूर्ण काढून घेतलं तर ते तिच्यासाठी बरोबरच आहे. शिवाय आमच्या रस्त्यावर एक शक्यता असते. काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत आजार निघाला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. माझं तसं झालं नाही, पण मनाची तयारी ठेवून गेले होते. पाठीचा किंवा पोटाचा भाग आणून नवा स्तन करण्याची शस्त्रक्रियाही असते. मोठं ऑपरेशन आहे, पण पूर्ण काढावंच लागणार असेल तर तिच्याबद्दल आधी विचारा, नंतर नाही.

म्हणून कुणी फोन केला की मी आधी विचारते, डॉक्टरांनी दोन्ही चालेल असं स्पष्ट म्हटलंय ना? रेडिएशनला रोज सोबत कोण येईल? या दोन्हींना उत्तर असेल, तर मी तरी गाठच काढून घ्या असं सुचवते. आग्रह नाही, शरीर तुमचं आहे. आजार कळल्यापासून ऑपरेशनपर्यंत थोडे दिवस मिळतात. त्यात घाबरून उत्तर देऊ नका, पुढच्या भेटीला प्रश्न कागदावर लिहून जा. काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की आधी एक-दोन तपासून ठरवणार? पूर्ण काढलं तरी मला रेडिएशन लागण्याची शक्यता किती? कडा साफ नाही निघाल्या तर पुढे काय? आणि सोबतीला नवरा किंवा मुलगा येणार असेल तर त्याला आत घेऊन जा, म्हणजे घरी आल्यावर सगळं पुन्हा तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.