कार्ड नवं, गेम तसाच: जुन्या बी४५० बोर्डवर रायझन ५ ५६००

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. त्याआधी चार वर्षं जीटीएक्स १६६० सुपर होतं. साताऱ्यात शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे कार्डासाठी पैसे साठवायला आठ महिने गेले. रात्री दहा ते बारा हे माझे गेमचे तास. त्या रात्री कार्ड बसवलं, सायबरपंक २०७७ हा गेम उघडला आणि थेट त्यातल्या काबुकीच्या बाजारात जाऊन उभा राहिलो, कारण तिथल्या गर्दीत माझ्या मशीनची कायम दमछाक व्हायची. जुन्या कार्डावर तिथे ५० एफपीएस (सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळायचे. नव्यावर मिळाले ५८. आठ महिन्यांच्या बचतीवर आठ एफपीएस. खूप वाईट वाटलं.

बाकी मशीन असं: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि १०८०पी रिझोल्यूशनचा, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारा) मॉनिटर. आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावून आकडे स्क्रीनवर घेतले. कार्डाचा वापर ६० ते ६५ टक्के. म्हणजे कार्ड रिकामं बसलंय, त्याला कुणी काम देत नाहीये. पण प्रोसेसरचा वापरही ५५ टक्क्यांच्या वर जाईना. मग अडतंय कुठे? इथे मी दोन दिवस फसलो. २६०० ला सहा कोर, बारा थ्रेड, म्हणजे तो एका वेळी बारा कामं हाताळतो. गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं, आणि तो एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो दिसतो फक्त ८.३३ टक्के. टास्क मॅनेजरमधली ती एकच टक्केवारी पाहून 'प्रोसेसर अजून निम्मा शिल्लक आहे' असं कुणी म्हणत असेल, तर त्याला प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख उघडायला सांगा. माझ्या आलेखात एक थ्रेड वरच्या रेषेला टेकलेला होता.

घरी आई भाकरी थापते आणि बायको तव्यावर भाजते. भाकरी जाड केली तर भाजायला वेळ लागतो, पण थापायचा वेग तोच राहतो. रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) वाढवणं म्हणजे भाकरी जाड करणं. प्रोसेसर थापतो: कोण कुठे चाललंय, काय आपटलं, कुठली वस्तू पडद्यावर यायला हवी, हे दर फ्रेमला ठरवून तो कार्डाकडे सरकवतो. ६० एफपीएस हवे असतील तर त्याच्याकडे एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद असतात, १४४ हवे असतील तर ६.९. माझा तवा तापून तयार होता, थापणाऱ्या हाताला उरक नव्हता.

पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन रॅम तपासली. ३२०० ची रॅम २१३३ च्या वेगावर चालत होती, कारण एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) मी कधी चालूच केलं नव्हतं. ते चालू केल्यावर ५८ चे ६२ झाले, फुकटात. दुसरी, रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणलं. एफपीएस ६३. कार्डाचं काम निम्म्याहून कमी केलं आणि मिळाला एक एफपीएस. शंका तिथेच फिटली. तिसरी, ग्राफिक्स हायवरून लोवर नेले, फरक दोनचा. पण ते परत हायवर ठेवून फक्त गर्दीचं प्रमाण कमी केलं, तर सहा वाढले. माणसं कमी झाली की हिशोब कमी होतो, आणि तो हिशोब प्रोसेसरचा असतो.

आता निवडीबद्दल. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मी तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात कार्डाचं नाव ऐकताच उत्तर तयार होतं: "सर, सगळंच बदला. नवा बोर्ड, डीडीआर५ रॅम, नवा प्रोसेसर." हिशोब पस्तीस हजारांच्या पुढे. दुसऱ्या दुकानात मोबाइलवर बॉटलनेक कॅल्क्युलेटर (कार्ड आणि प्रोसेसरमध्ये कोण कुणाला अडवतं ते सांगणारं पान) उघडून मला एक टक्केवारी दाखवण्यात आली. त्या पानाने ना माझा गेम विचारला, ना मॉनिटर. कळकळीने सांगतो, त्या टक्केवारीवर एक रुपयाही खर्च करू नका. तेच कार्ड आणि तोच प्रोसेसर एका गेममध्ये एकमेकांना शोभतात आणि दुसऱ्यात शोभत नाहीत. त्याच दुकानातला दुसरा सल्ला होता की डीएलएसएस लावा. तेही घरी करून पाहिलं होतं. डीएलएसएस गेमचं आतलं रिझोल्यूशन उतरवून चित्र मग मोठं करतं, म्हणजे हलकं होतं ते कार्डाचंच काम, आणि माझं कार्ड आधीच मोकळं बसलेलं. फ्रेम जनरेशनने आकडा जरूर चढतो, कारण मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं. पण माउस हलवल्यावर हाताला जाणवतो तो मूळचा साठचाच गेम.

तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र आधी प्रश्न विचारले. "मॉनिटर किती हर्ट्झचा आहे तुमचा? जास्त काय खेळता? बोर्ड कुठला?" बी४५० म्हटल्यावर ते म्हणाले, "मग बोर्ड कशाला बदलताय? बायोस नवीन टाका आणि ५६०० लावा." साडेदहा हजारांत घेतला. २०१८ सालच्या बोर्डवर २०२२ सालचा प्रोसेसर चालतो, हे एएम४ सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं) मोठं उपकाराचं काम आहे.

घेताना एक जपा. ५५००, ५६००जी आणि ५६०० ही नावं भावंडांसारखी दिसतात, तिघांनाही सहा कोर आणि बारा थ्रेड आहेत. पण ५५०० आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. गेमला कॅश फार लागते. माझ्या २६०० मध्येही कॅश १६ एमबीच होती, आणि तीसुद्धा वाटून दिलेली: तीन-तीन कोरचे दोन गट, प्रत्येकाला ८ एमबी. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असली की वळसा पडतो. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच गटात आहेत आणि ३२ एमबी सगळ्यांची सामायिक. सहा कोर तेव्हाही आणि आताही, तरी फरक पडतो तो इथे. ५७००एक्स३डी मध्ये हीच कॅश ९६ एमबी आहे. मोह झाला. पण किंमत जवळपास दुप्पट होती आणि माझं कार्ड ४०६०. आरटीएक्स ४०७० किंवा त्याच्या वरचं कार्ड असतं, तर मी तोच घेतला असता.

बसवणं रविवारी दुपारी केलं. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच पेन ड्राइव्हवरून बायोस टाकला, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. मग पंधरा मिनिटं मुद्दाम गेम चालवला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट थंड पडली की घट्ट धरते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर सॉकेटमधून उपटून येतो. गरम असताना पेस्ट मऊ असते. मशीन बंद करून वायर काढली, कॅबिनेट आडवं ठेवलं (उभं असताना चारही स्क्रू काढले तर बोर्डामागची पट्टी निसटून पडते), आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवला. बरणीचं झाकण सुटावं तसा तो सुटला. सॉकेटची दांडी वर केली, २६०० उचलला, नव्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला. दाबायचं नाही. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, आणि तो क्षण बोटांना कळतो.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहिला. मग इंग्रजीत एक सूचना आली की नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच फाइलींपासून बाहेर राहाल. माझं बंद होतं, मी वाय दाबला. बायोस नवीन टाकला की एक्सएमपी पुन्हा बंद होतं. तेही परत चालू केलं.

काबुकीचा बाजार, तीच जागा, तीच हाय सेटिंग, गर्दी पूर्ण: ८६ एफपीएस, कार्डाचा वापर ९७ टक्के. लगेच ७२०पी करून पाहिलं, तर आकडा शंभराच्या जवळ गेला. म्हणजे आता १०८०पी वर अडवतंय ते कार्ड, आणि माझ्या मते गेमिंगच्या मशीनमध्ये अडायचं तर कार्डानेच अडावं. दर फ्रेम वेळेवर येते, हालचाल गुळगुळीत राहते, आणि जास्त हवं असेल तर सेटिंग उतरवण्याचा उपाय आपल्या हातात राहतो. प्रोसेसर अडवतो तेव्हा सेटिंग कितीही उतरवा, तो अधूनमधून हिसके देतच राहतो.

त्या हिसक्यांचा खरा पुरावा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मिळाला. धाकटा भाऊ कोल्हापूरहून माझ्याबरोबर खेळतो. आधी सरासरी १४० च्या आसपास दिसायची, पण चार-पाच जण एका जागी भिडले की आकडा साठच्या घरात कोसळायचा. "दादा, तू ऐन वेळी थांबतोस का?" असं तो नेहमी विचारायचा. मी थांबत नव्हतो, माझं मशीन थांबत होतं. आता सरासरी २४० च्या पुढे आहे आणि घसरण १०० च्या खाली जात नाही. त्याने त्या रात्री तो प्रश्न विचारला नाही.

दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. ४०६० बोर्डाशी बोलायला फक्त आठ लेन (माहितीच्या वाटा) वापरतं आणि बी४५० बोर्ड त्या जुन्या, संथ पीसीआयई ३.० च्या देतो, त्यामुळे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) इतके वाढवले की कार्डाची ८ जीबी मेमरी भरली, तर अडखळ जाणवते. टेक्स्चर एक पायरी खाली ठेवले की जाते. आणि मे महिन्यात सोबत आलेल्या कूलरवर तापमान ७८ अंशांपर्यंत गेलं. दुपारी वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत ते व्हायचंच. खेळात फरक पडला नाही.

दिवाळीत भाऊ मशीन घेऊन घरी आला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० कार्ड आणि नुकताच घेतलेला १४४०पी मॉनिटर. माझं पाहून त्यालाही ५६०० हवा होता, पैसेही काढून ठेवले होते. फराळाचं ताट बाजूला सारून आम्ही रेड डेड रिडेम्प्शन २ लावला. १४४०पी वर ५५ एफपीएस, ७२०पी वर नव्वदच्या वर. त्याला म्हटलं, प्रोसेसर राहू दे, हे पैसे कार्डासाठी ठेव.