ट्रायकोकार्ड: झाडावर लावायचं तर मादी किती चालते ते आधी बघा

ट्रायकोग्रामा ही किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती कीड अंड्यातच संपवणारी चिमुकली परोपजीवी माशी (गांधीलमाशीच्या गटातली). ती ज्यावरून शेतात सोडतात ते ट्रायकोकार्ड शेतपिकात जुनं, भरवशाचं साधन आहे. तेच कार्ड रोपवनात किंवा जंगलातल्या झाडांवर लावलं की निकालाचा नेम राहत नाही. कार्डातून निघणारी मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती किडीची अंडी शोधते ती मुख्यतः पानावर चालत, मधूनमधून छोट्या उड्या घेत. म्हणून जंगलासाठी या वस्तूचं मोल करताना कार्डावरच्या आकड्यापेक्षा मादीच्या शोधाची रीत आम्ही आधी बघतो.

कार्ड म्हणजे जाड कागदावर डिंकाने चिकटवलेली कॉर्सेरा या धान्यातल्या पतंगाची अंडी. एका कार्डावर साधारण १ सीसी, म्हणजे अठरा-वीस हजार. अतिनील प्रकाशाखाली धरून त्यांतला गर्भ आधीच मारलेला असतो, नाहीतर फुटून निघालेल्या अळ्या शेजारची अंडी खातात. मग ट्रायकोग्रामाच्या माद्या त्यांत अंडी घालतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात आणि २५ ते २८ अंश तापमानात आठ-दहा दिवसांत प्रौढ बाहेर पडतात.

कार्ड हातात आलं की दहापट भिंगाखाली तीन ठिकाणी शंभर-शंभर अंडी मोजावीत. ९० च्या वर काळी आणि फुगीर असतील तर माल चांगला. काळ्या अंड्याला बारीक गोल भोक दिसलं तर माशी निघून गेलेली आहे, ते कार्ड उशिरा पोचलं. बोटभर तुकडा काचेच्या नळीत ठेवून तोंडाला दाट कापड बांधावं. निघालेल्या माश्या उजेडाकडे तुरुतुरु धावल्या पाहिजेत. नराच्या स्पर्शिकांवर लांब केस असतात, मादीच्या स्पर्शिकेचं टोक गदेसारखं जाड असतं. त्यामुळे नर-मादी भिंगातून सहज मोजता येतात आणि माद्या निम्म्याहून कमी निघाल्या तर ते कार्ड आम्ही परत करू. पंख आखडलेल्या माश्या बऱ्याच दिसल्या तरीही तेच. पिढ्यान्‌पिढ्या कॉर्सेरावरच वाढवलेल्या माश्यांचा जोम उतरतो आणि तो कार्डाच्या रंगावरून कळत नाही.

आता मादीच्या शोधाकडे. पतंगाची मादी अंडी घालताना पंखांवरचे खवले पानावर सांडते. ट्रायकोग्रामाच्या पायाखाली हे खवले आले की तिची चाल बदलते: वेग कमी होतो, वळणं वाढतात, ती तिथेच घुटमळत राहते. अंडं सापडलं की वर चढून स्पर्शिकांनी ठोकत पहिली फेरी मारते. ती फेरी पुरी व्हायला किती वेळ लागला, त्यावरून अंड्याचा आकार जोखते आणि आत किती अंडी सोडायची ते ठरवते. कॉर्सेराच्या अंड्यात एखाद-दुसरं, मोठ्या अंड्यात बरीच. इतकी हिशेबी असूनही दोन गोष्टींपुढे तिचा इलाज चालत नाही: आधीच जून झालेलं अंडं आणि लांबचं अंतर.

जून अंड्यात अळीचं डोकं तयार झालं की तिची पिल्लं वाढू शकत नाहीत. म्हणून सापळ्यात पहिले पतंग दिसताच सोडणी सुरू करावी आणि अंडी घालण्याचा काळ संपेपर्यंत आठवड्याला एक फेरी द्यावी. अळ्या दिसू लागल्यावर लावलेलं कार्ड वाया जातं.

अंतराचा प्रश्न जास्त बिकट. शेतात हेक्टरी ५०,००० ते १ लाख माश्यांचा हिशेब चालतो, कारण पिकाची उंची आणि पानांचा पसारा मर्यादित असतो. झाडाच्या शेंड्यापर्यंतचा पसारा धरला तर तोच आकडा विरघळून जातो. कॅनडाच्या ओंटारियोत १९८० च्या दशकात स्प्रूस बडवर्म या झाडांवरच्या किडीविरुद्ध ट्रायकोग्रामा मिन्युटम या जातीच्या सोडण्या झाल्या, तेव्हा हेक्टरी एक कोटीहून जास्त माद्या लागल्या. त्यामुळे उंच, जुन्या जंगलासाठी हातानं लावायची कार्डं आम्ही सुचवत नाही. रोपवाटिका, तीन-चार वर्षांचं रोपवन, बियाण्यांसाठी राखलेली झाडं इथे मात्र ती जरूर वापरावीत.

कार्डाच्या पट्ट्या कापून पाच-सहा मीटरवर एक अशा लावाव्यात. बुंध्याला टाचून भागत नाही. खाली लावलेल्या कार्डाचा परिणाम शेंड्यापर्यंत पोचेल असं धरून चालू नये. लांब बांबूच्या आकड्याने किंवा फांदीवरून टाकलेल्या दोरीने पट्टी पानोऱ्याच्या मध्यावर न्यावी, पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत. मुंग्या एका रात्रीत पट्टी साफ करतात, म्हणून दोरीवर ग्रीसचा पट्टा द्यावा. पाऊस असेल तर पट्टी उपड्या कागदी पेल्यात टाचावी. प्रौढ सकाळी लवकर निघतात, तेव्हा कार्ड आदल्या संध्याकाळी लावलेलं बरं.

जात विचारल्याशिवाय कार्ड घेऊ नका. काही जाती मोकळ्या, बुटक्या पिकात रमतात. ट्रायकोग्रामा एम्ब्रिओफॅगमसारख्या जाती झाडावर शोध घेतात. लेबलवर जात, परोपजीवीकरणाची तारीख आणि माश्या निघण्याची तारीख ही तिन्ही हवीत. पान लव असलेलं असेल तर चाल मंदावते, पट्ट्या आणखी जवळ लावा.

साठवण १० अंशांच्या आसपास, फार तर दोन-तीन आठवडे. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं कार्ड मेलं असं समजावं. नेताना थर्माकोलच्या पेटीत, बर्फाला कागद गुंडाळून. लावल्यानंतर आठवडाभर तरी रासायनिक फवारणी नको; बीटी जिवाणूची चालते.

कुठे उपयोग नाही, हेही सांगायला हवं. खोडकिडीची अळी लाकडात शिरली की ट्रायकोग्रामाचा संबंध संपतो. केसांनी झाकलेल्या अंडीपुंजांवरही भरवसा ठेवू नये. जिप्सी मॉथ या झाडांची पानं खाणाऱ्या किडीच्या पुंजात ओएनसिर्टस कुवाने ही दुसरी परोपजीवी माशीसुद्धा फक्त वरच्या थरातली अंडी गाठते. दुसऱ्या परोपजीवींनाही अशीच मर्यादा असते: एमराल्ड ॲश बोरर या ॲश झाडाच्या सालीखाली पोखरणाऱ्या किडीविरुद्ध अमेरिकेत सोडलेल्या टेट्रास्टिकस प्लॅनिपेनिसी या माशीची अंडी घालायची नळी इतकी आखूड, की साधारण ३ मिलिमीटरहून जाड सालीखालची अळी तिला मिळत नाही. याउलट पाइनच्या सुयांवर उघड्यावर पुंजक्यांनी अंडी घालणाऱ्या डेन्ड्रोलिमस किडीवर चीनमध्ये ट्रायकोग्रामा डेन्ड्रोलिमी वापरतात. ती ओकवरच्या रेशीमकिड्याच्या मोठ्या अंड्यांवर वाढवलेली असते आणि एकेका अंड्यातून कित्येक डझन माश्या निघतात.

परिणाम तपासायला पाच-सात दिवसांनी कार्डापासून दोन, पाच आणि दहा मीटरवरची किडीची अंडी पानासकट गोळा करावीत. पूर्ण, एकसारखं काळं अंडं म्हणजे परोपजीवी. एका टोकाला काळा ठिपका म्हणजे आत अळीचं डोकं, ती फुटणार आहे. हे दोन्ही एकत्र मोजले की यश फुगवून दिसतं. शंका असलेली अंडी नळीत ठेवून काय निघतं ते बघावं, आणि पाच मीटरवर काळी अंडी कमी मिळाली तर पुढच्या फेरीत पट्ट्यांमधलं अंतर निम्मं करावं.