बाळूंचे ११४ बळी आणि माझे १,००,४०० रुपये

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ‘जुन्या क्रीडा कार्डांचे फिरते संग्रहालय’ अशा नावाचे प्रदर्शन पाच दिवस भरले होते. खेळाडूंची चित्रे असलेल्या जुन्या कार्डांच्या त्या प्रदर्शनापायी, एका बनावट कार्डावर, मी एक लाख चारशे रुपये गमावले. रक्कम फोडून सांगतो, कारण अशा गोष्टी मोघम सांगितल्या की ऐकणाऱ्याला त्या दुसऱ्याच्या वाटतात. पंधरा हजार यूपीआयने दिले, पन्नास हजार रोख दिले, त्यानंतर तेवीस हजार सहाशे आणि शेवटी अकरा हजार आठशे. प्रवेशाच्या दोन तिकिटांचे शंभर रुपये यात धरलेले नाहीत.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. लॉटरी लागल्याचे, केवायसी बंद पडल्याचे, कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे फोन मला आजवर अनेकदा आले आणि ते सगळे मी तोडले. त्यामुळे ‘शिकल्यासवरल्या माणसाला एवढे कळू नये?’ असे जे आज मला तोंडावर विचारतात, त्यांना माझे उत्तर आहे की ते फोन माझ्या लोभावर टाकलेले गळ होते आणि हा गळ माझ्या अभ्यासावर टाकलेला होता. लोभ आवरण्याची सवय मला होती. अभ्यासाच्या बाबतीत सावध राहावे लागते हे मला कोणी शिकवले नव्हते.

वेळही त्यांनी हिशेबाने साधली होती. आंब्याचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, वाशीच्या दलालांकडून पट्ट्या हातात येऊ लागलेल्या असतात, मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह घरी असतात आणि पाऊस दोन आठवड्यांवर आलेला असतो. कोकणात माणसाच्या हाती रोख रक्कम असण्याचे वर्षातले हेच काय ते दिवस. माझी साठ कलमे आहेत. यंदाची पट्टी येऊन चारच दिवस झाले होते.

प्रदर्शन पाहून कोणालाही संशय आला नसता, हे मी आजही म्हणतो. काचेच्या अकरा पेट्या होत्या, आत पिवळसर दिवे होते आणि प्रत्येक पेटीशेजारी स्वच्छ मराठीत छापलेला फलक होता. पूर्वी सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत, सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून आत ताठ पुठ्ठ्याचा तुकडा घालत आणि त्याच तुकड्यावर पुढे चित्रे छापली जाऊ लागली, असे पहिल्या फलकावर लिहिले होते. विल्स कंपनीचा १८९६ सालचा पन्नास क्रिकेटपटूंचा संच, जॉन प्लेअर कंपनीचे १९३४ आणि १९३८ सालचे संच, युद्धातल्या कागदटंचाईमुळे १९४० मध्ये ब्रिटनमध्ये बंद पडलेली ही प्रथा, या सगळ्याची नोंद पुढच्या फलकांवर होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला जेफरसन बर्डिक यांनी दिलेल्या संग्रहात बेसबॉलची तीस हजारांहून अधिक कार्डे आहेत, होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट २०२१ मध्ये सहासष्ट लाख डॉलरांना आणि मिकी मँटलचे १९५२ सालचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना विकले गेले, हेही तेथे होते. घरी येऊन मी ही माहिती पडताळली आणि ती खरी निघाली. फलकावरचा मजकूर खरा असला म्हणून पेटीतली वस्तू खरी ठरत नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी जे पडताळायचे नव्हते ते पडताळले आणि जे पडताळायचे होते त्याला हात लावला नाही.

सातव्या पेटीत पालवणकर बाळू होते.

ज्यांना हे नाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज, ज्याला जातीमुळे मैदानाबाहेर वेगळ्या कपात चहा पाजत आणि ज्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे आडनाव आपल्या कोकणातल्या गावावरून आलेले आहे. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी त्यांच्यावर एक तास स्वतंत्र देत असे. तो अभ्यासक्रमात नव्हता, तरीही देत असे. त्यामुळे त्या काचेखाली, जेमतेम आगपेटीच्या लांबीरुंदीचे, कडा किंचित झिजलेले ते कार्ड दिसले तेव्हा माझे डोळे भरून आले. प्रदर्शनाचा चालक म्हणवणारा, पन्नाशीचा, खादीचा झब्बा घातलेला गृहस्थ शेजारीच उभा होता. त्याने माझे डोळे पाहिले. सारे तिथेच ठरले.

‘सर, तुम्ही पहिले आहात ज्यांनी नाव न वाचता चेहरा ओळखला,’ असे तो म्हणाला. मग खुर्ची आली, चहा आला आणि कहाणी आली. आपल्याच किनाऱ्यावरचा कोणी खलाशी विलायतेच्या बोटीवर होता, त्याने परदेशी पाकिटांतली कार्डे जपून आणली, घर मोडताना माडीवरच्या पेटाऱ्यात ती सापडली, बाळूंच्या कार्डाच्या दोन प्रती निघाल्या आणि दुसरी प्रत योग्य माणसाच्या घरी जावी एवढीच आपली इच्छा आहे. कोकणातली किती घरे बोटीवरच्या पगारावर उभी राहिली हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कहाणी मला परकी वाटली नाही. तुमच्या गावचा तपशील पेरून कोणी तुम्हाला कहाणी सांगत असेल, तर त्या घराचे नाव आणि त्या माणसाचा वारस विचारा. मी विचारले नाही.

आता ज्या क्षणामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही, त्याविषयी लिहितो. त्याने दुसरी प्रत प्लास्टिकच्या जाड, सीलबंद डबीतून माझ्या हाती दिली. वर कार्डांचा खरेपणा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंपनीची पट्टी, बारकोड आणि क्रमांक होता. ‘हा संच संघ बोटीवर चढण्यापूर्वी, एप्रिल १९११ मध्ये निघाला, म्हणून इतका दुर्मीळ,’ असे तो सांगत होता, आणि मी कार्ड उलटून मागचा इंग्रजी मजकूर वाचत होतो. डावखुरा संथ गोलंदाज, हिंदू संघाचा आधारस्तंभ, इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी. तो आकडा वाचून मला आनंद झाला! मी मोठ्याने म्हणालो, ‘एकशे चौदा, अगदी बरोबर.’ जे कार्ड दौऱ्याआधी छापले गेले, त्याला दौऱ्यातले बळी कसे ठाऊक असतील? एप्रिलमध्ये छापलेल्या पुठ्ठ्यावर इंग्लंडचा उन्हाळा सरल्यानंतरचा हिशेब कोठून येईल? कालविसंगती ओळखणे हाच ज्याचा एकतीस वर्षांचा व्यवसाय, त्या माणसाच्या हातात ती विसंगती शाईने छापून दिलेली होती, आणि त्याने तिला पुरावा मानले. तो गृहस्थ क्षणभर गप्प झाला होता, हे मला आता आठवते. माझ्या ‘अगदी बरोबर’ नंतर त्याने सुटकेचा श्वास टाकला असणार.

सौभाग्यवती माझ्यासोबत आल्या होत्या. कार्यालयाच्या पायरीवर त्या म्हणाल्या, ‘अहो, लाखांची वस्तू आहे तर हा ती मुंबईला विकायची सोडून तुम्हालाच पासष्ट हजारांत कशाला देतो?’ मी त्यांना रागावलो. त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली आहे, आणि येथेही मागतो.

पंधरा हजार मी तिथल्या तिथे फोनवरून भरले. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचे नाव दिसते. ते नाव संग्रहालयाचे नव्हते, त्या गृहस्थाचेही नव्हते. ते नाव वाचल्याशिवाय कधीही पिन टाकू नका. पन्नास हजार दुसऱ्या दिवशी बँकेतून काढून रोख दिले आणि पावती मागितली. पावती मिळाली, छापील, शिक्क्याची. पण तिच्यावर कार्डाचा उल्लेख नव्हता. ‘संग्रहालय विकास निधीस ऐच्छिक देणगी’ असे तिच्यावर लिहिले होते. करासाठी असे करावे लागते, असे तो म्हणाला. पावतीवर वस्तूचे नाव नसेल तर ती पावती विकणाऱ्याच्या बचावासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

पुढचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो तुमच्या ओळखीचा आहे. नऊ दिवसांनी लंडनच्या लिलावगृहातून बोलतो म्हणणाऱ्या माणसाचा फोन आला. कार्डाला नऊ लाखांचे गिऱ्हाईक होते. मला ते विकायचे नव्हते, पण गावच्या शाळेत बाळूंच्या नावाने वाचनालय काढावे असे मनात आले, आणि मी नोंदणी शुल्काचे वीस हजार आणि त्यावरचे अठरा टक्के मिळून तेवीस हजार सहाशे भरले. मग ‘वस्तू पुरातन नसल्याच्या दाखल्या’चे दहा हजार आणि कर मिळून अकरा हजार आठशे भरले. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे जी वस्तू जुनी म्हणून मी विकत घेतली, ती जुनी नसल्याचा दाखला मिळावा म्हणून मी पैसे भरत होतो. हे वाक्य मी त्या दिवशी एकदा जरी कागदावर लिहून पाहिले असते, तरी निदान ही शेवटची रक्कम वाचली असती.

माझा पुतण्या चिपळूणला छापखान्यात काम करतो. त्याने छपाई तपासायचे भिंग कार्डावर धरले आणि मला पाहायला लावले. मागच्या इंग्रजी अक्षरांची काळी रेघ सलग शाईची नव्हती. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे बारीक ठिपके फुलासारखे एकात एक बसलेले होते. ‘काका, त्या काळच्या कार्डावर अक्षर म्हणजे भरीव शाई असते. हे संगणकावर जुळवून चार रंगांत छापलेले आहे,’ असे तो हळू आवाजात म्हणाला. नंतर पतसंस्थेतल्या नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली आम्ही ते धरले, तर पुठ्ठा निळसर पांढरा झळकला. कागदाला अशी झळाळी आणणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सर्रास वापरात आली. डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा कोणा अमेरिकन बेसबॉलपटूचे कार्ड निघाले. या तिन्ही तपासण्यांना मिळून अर्धा तास लागला आणि एक रुपयाही खर्च झाला नाही. विकणारा डबी उघडू देत नसेल तरी भिंग आणि क्रमांक दोन्ही बाहेरूनच चालतात. पैसे देण्याआधी ते करा.

तक्रारीची कहाणी फसवणुकीपेक्षा लांब आहे. ठाण्यात मला पहिल्या दिवशी दोन तास बाकावर बसवले आणि मग सांगितले, की पैसे फोनवरून गेले असल्याने हे सायबरचे काम आहे. सायबरच्या कक्षात सांगितले, की मुख्य रक्कम रोख दिलेली असल्याने हे ठाण्याचे काम आहे. मी परत ठाण्यात आलो, तेव्हा अंमलदाराने पावती वाचली आणि विचारले, ‘मास्तर, देणगी तुम्ही राजीखुशीने दिलीत ना? मग हा दिवाणी मामला आहे.’ मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते हे नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १७३ झेरॉक्स काढून पुढे ठेवले. तो कागद त्यांनी वाचलाही नाही. ‘जुन्या सिगारेटच्या पाकिटातला पुठ्ठा पासष्ट हजारांना घेतलात?’ असे शेजारच्या टेबलावरून कोणी तरी विचारले आणि सगळे हसले. मी चार वेळा गेलो. चारही वेळा ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’ हे उत्तर मिळाले. बँकेने लेखी कळवले, की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केले असल्याने बँकेची जबाबदारी नाही. मंगल कार्यालयाच्या मालकाने भाडे रोखीने घेतले होते आणि ओळखपत्राची प्रत ठेवलेली नव्हती. ज्या गावात लग्नाला कार्यालय घ्यायचे तर आधार कार्डाची प्रत द्यावी लागते, त्या गावात पाच दिवस तिकीट लावून बसलेल्या परक्या माणसाला कोणी एक कागद विचारला नाही, आणि त्याच्या प्रदर्शनाला हारतुरे घेऊन गेलेल्या गावच्या मंडळींपैकी आज एकालाही त्याचा चेहरा आठवत नाही!

माझीही चूक आहे. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर मी सोळाव्या दिवशी फोन केला, कारण लाजेने अकरा दिवस घरात कोणाला काही सांगितले नव्हते. तो फोन पैसे गेले त्याच तासाला करायचा असतो. तोवर रक्कम पुढच्या खात्यात गेलेली नसेल, तर ती गोठवता येते.

आता मी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला आहे, कारण ठाण्याने नकार दिला तर कायद्याने हाच पुढचा मार्ग आहे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. शेवटच्या भेटीत अंमलदार मला म्हणाले होते, ‘तुमच्याखेरीज एकाचीही तक्रार नाही, मग प्रदर्शनच खोटे होते असे कसे म्हणायचे?’ माझ्या पावतीचा क्रमांक ४७ आहे. तिच्या आधीच्या पावत्या या किनाऱ्यावरच्या कोणाकोणाच्या कपाटात असतील, आणि प्रत्येकीवर ‘ऐच्छिक देणगी’ असेच लिहिलेले असेल. ज्यांच्याकडे ती पावती आहे, मग ती पाचशेची असो वा पन्नास हजारांची, त्यांनी आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि अर्जात पावतीचा क्रमांक लिहावा.